बिऱ्हाडामागे उरलेले वार्धक्य

वार्धक्य या विषयावर मराठीत जे चिंतन झाले आहे, त्याच्या मुळाशी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, आणि ती म्हणजे घर. ओसरीवर टेकून बसलेले आजोबा, देवघरापुढे माळ ओढणारी आजी, मुलाने वेगळी चूल मांडल्याचे दुःख, वडिलार्जित जमिनीच्या वाटणीवरून पेटलेला कलह, या साऱ्या चित्रांत माणूस म्हातारा होतो तो एका ठिकाणी, आणि त्या ठिकाणावर त्याचा काही ना काही हक्क असतो. तो हक्क कागदोपत्री नोंदलेला असतो, गावाच्या स्मृतीत रुजलेला असतो, आणि मुलगा कितीही निष्ठुर निघाला तरी सातबाऱ्यावरचे नाव त्याला एका फटक्यात पुसता येत नाही. परंतु ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, ज्यांचा जन्म एका गावच्या शिवारात, लग्न दुसऱ्या जिल्ह्यातल्या जत्रेत आणि मृत्यू तिसऱ्याच मुलुखातल्या ओढ्याकाठी व्हायचा, त्यांनी म्हातारे व्हायचे कोठे आणि कोणाच्या आधाराने, हा प्रश्न आपल्या समाजचिंतनाने क्वचितच विचारला. महाराष्ट्र शासनाच्या मूळ यादीत विमुक्त जाती १४ आणि भटक्या जमाती २८ अशा नोंदल्या गेल्या, आणि पुढे तीत भर पडत गेली. गोंधळी, वासुदेव, नंदीवाले, डवरी गोसावी, मसणजोगी, वैदू, घिसाडी, वडार, कैकाडी, पारधी, कोल्हाटी, डोंबारी, गोपाळ, बहुरूपी, धनगर, बंजारा अशी ती नावे वाचत गेले की अर्ध्या महाराष्ट्राचे जुने ऋतुचक्र डोळ्यांपुढे उभे राहते. या लोकांविषयी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिले गेले, त्यांच्यातल्या लेखकांनी स्वतः लिहिले, आयोग बसले, अहवाल निघाले. परंतु त्या सर्व लेखनाचा रोख बहुतांशी मुलांच्या शिक्षणावर, तरुणांच्या रोजगारावर आणि पोलिसी छळावर राहिला, आणि तो रास्तच होता. म्हातारी माणसे मात्र त्या लेखनात आठवणींचा साठा म्हणून येतात, गरजवंत म्हणून फारशी येत नाहीत.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या फिरस्त्या लोकांची जंत्री मोठ्या बारकाईने दिली आहे. ग्रंथकार मुलकी खात्यातले अनुभवी अधिकारी असल्यामुळे त्यांची निरीक्षणे अचूक आहेत, परंतु त्यांची सहानुभूती कुणब्याच्या बाजूची आहे, आणि ज्याच्या खळ्यावर अगणित हात पसरतात त्या रयतेचा भार त्यांना असह्य वाटतो. ही तक्रार खोटी नव्हती. तथापि वतनदार बलुतेदाराचा हक्क गावाला मान्य असल्यामुळे त्याचे म्हातारपण गावाच्या अंगावर पडले तरी ते गावाचेच मानले जाई, तर फिरस्त्याचा हक्क मोसमापुरता असे, हा भेद त्या हिशेबातून निसटला. सुगीच्या दिवसांत अमुक गावी अमुक घराण्याचा नंदीबैल यायचा, नवरात्रात अमुक घरी अमुक गोंधळ्याने संबळ वाजवायचा, असे जे ठरलेले असे, तो या लोकांचा खरा जमीनजुमला होता. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात पश्चिम महाराष्ट्रातल्या नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारीचा अभ्यास मांडला आहे. एकाच मुलुखात फिरणाऱ्या या तीन समाजांनी सावज कसे आपापसांत वाटून घेतले होते, पारध्याने फास लावून हरणे आणि पाखरे धरावीत, नंदीवाल्याने कुत्र्यांच्या साहाय्याने मोठी जनावरे मारावीत, वैदूने लहान श्वापदे आणि पाण्यातले जीव पकडावेत, ही व्यवस्था त्यांनी उलगडून दाखविली. इंदापूरजवळच्या वडापुरीला नंदीवाल्यांचा मेळा भरे आणि तेथे कोणत्या घराण्याने कोणत्या गावांत फिरावे यावरचे तंटे मिटविले जात. अशी वाटणी टिकते ती ती स्मरणारा कोणी असतो म्हणून. कागद नसलेल्या समाजात म्हातारा माणूस हाच कागद असतो, आणि भटक्यांमधल्या वृद्धांच्या पूर्वीच्या प्रतिष्ठेचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे. त्याचा मान हा केवळ वडीलकीचा संस्कार नव्हता. हद्दी, नाती, देणी-घेणी आणि वाटा त्याच्यापाशी सुरक्षित होत्या, आणि त्याच्या मरणाने घराण्याचा हक्कच धोक्यात येत होता.

या आधाराचे स्वरूप धंद्याधंद्यागणिक कसे वेगळे होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. घिसाड्याच्या पालापुढे भाता, ऐरण आणि निखाऱ्यांची चूल मांडली की तापलेले लोखंड सांडशीत धरायचे काम वयस्क माणसाकडे असे आणि घण घालायचे काम तरुणाकडे, पुष्कळदा सुनेकडे किंवा बायकोकडे. हातातले बळ ओसरले तरी लोखंड किती लाल झाले म्हणजे विळ्याला धार येईल हे ओळखणारी नजर ओसरत नाही, आणि त्यामुळे ऐरणीपुढची त्याची जागा जात नसे. कैकाडी म्हातारीची बोटे तरवडाच्या आणि निरगुडीच्या फोकांची टोपली, डालगे, कणगी विणत असत, आणि हे काम बसून करायचे असल्यामुळे ती मरेपर्यंत कमावती राहू शके. वडारांच्या बायका गावोगाव फिरून गुळगुळीत झालेल्या जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावून देत. वैदूची म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन सुया, दाभण, पोत, मणी आणि बिब्बे विकत हिंडे, तिचा म्हातारा तुंबडी लावी आणि कोणत्या मुळीचा रस कोणत्या दुखण्यावर द्यायचा ते नातवाला रानात नेऊन दाखवी. गोंधळ्याच्या फडात तर वय हीच संपत्ती होती, कारण रात्रभर चालणारे आख्यान ज्याला तोंडपाठ आहे तो नायक, आणि तुणतुणे धरणारे व दिवटी सांभाळणारे त्याच्याकडे पाहत शिकणारे.

धनगरांचा वाडा हे याचे सर्वांत पूर्ण उदाहरण आहे. माण, खटाव, फलटण या अवर्षणी भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात, कोणी पुण्याच्या बाजूने, कोणी घाट उतरून कोकणात, आणि मृगाच्या आत माघारी येतात. पाच-सात, कधी दहा-बारा कुटुंबांचा मिळून एक वाडा होतो. तरुण मेंढरांमागे रानात, बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामी, आणि त्या मुक्कामाचा निर्णय, म्हणजे कोणाच्या शेतात कळप बसवायचा, त्या खतापोटी धान्य किती घ्यायचे, वाटेतल्या कोणत्या गावात गेल्या वर्षी भांडण झाले होते, कोणत्या ओढ्याला फाल्गुनातही पाणी असते, हा सारा विचार वाड्यातल्या जाणत्याचा. लंगडे कोकरू, नुकती व्यालेली मेंढी आणि तान्ही मुले यांच्यापाशी तळावर म्हातारे थांबत. त्यांच्याशिवाय तळ रिकामा पडला असता आणि तरुणांना दूर चारणीला जाताच आले नसते. रात्री ओव्यांची बैठक बसली की बिरोबा-म्हस्कोबाच्या कथा हीच माणसे गात. हायडेलबर्गचे पंडित गुंथर सोन्थायमर हे १९९२ साली निवर्तले. त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात घालविली, आणि एका परक्या विद्वानाला त्यांत महाराष्ट्राच्या दैवतांचा अर्धा इतिहास सापडला. तो ज्यांच्या मुखातून आला ते गाणारे बहुधा निरक्षर आणि वयोवृद्ध होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत पुढच्या वर्षाचे पाऊसपाणी सांगणारी भाकणूक ऐकायला आजही लाखांचा समुदाय लोटतो, त्यावरून जुन्या जाणत्या वाणीचे वजन अजून पुरते गेलेले नाही हे दिसते.

हे सर्व लिहिताना जुन्या जीवनाला सोन्याचा मुलामा देण्याचा मोह आवरला पाहिजे. पालातले म्हातारपण हे थंडीतले, पावसातले आणि पुष्कळदा उपाशी म्हातारपण होते. ज्याला चालवत नाही त्याला गाढवावर किंवा घोड्यावर बसवून न्यावे लागे, आणि ज्याला बसवतही नाही त्याच्यासाठी सगळ्या तांड्याने खोळंबायचे, तर त्या गावचा पाटील तीन दिवसांपलीकडे शिवारात राहू देईल याची शाश्वती नसे. मेल्यावर पुरायला जागा मिळविणे हे तर आजही यातले पुष्कळ समाज भोगीत असलेले दुःख आहे. ज्यांच्यात दफनाची चाल आहे त्यांच्या नावे गावोगाव दफनभूमी नाही, गावच्या स्मशानात त्यांना मज्जाव होतो, आणि प्रेत घेऊन शिवाराशिवाराने हिंडावे लागल्याच्या तक्रारी सतत होत आल्या आहेत. मग ज्या म्हाताऱ्यांच्या अधिकाराचे गुण मी वर गाइले, त्यांच्याच जातपंचायतींनी बायकांच्या चारित्र्याची क्रूर दिव्ये घेतली, तरुण जोडप्यांना वाळीत टाकले, दंडाच्या रकमा लादून गरिबांना कर्जात बुडविले. मढीला कानिफनाथाच्या यात्रेत किंवा जेजुरीला पौषातल्या गाढवांच्या बाजाराच्या वेळी बसणाऱ्या पंचायती म्हणजे एके काळी या लोकांची न्यायकचेरी होती, आणि तिच्या दरबारात दाद मिळे तसा जुलूमही होई. काही समाजांनी आपण होऊन पंचायती बरखास्त केल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, आणि तो करणे अवश्यच होते. मला एवढेच म्हणावयाचे आहे की पंचायतीच्या जुलमाबरोबर तिचे एक दुसरे कामही गेले. निराधार म्हातारीला कोणत्या पालाने पोसावे हे ठरवून देणारे पंच उठून गेले, आणि ते काम दुसऱ्या कोणी अंगावर घेतले नाही.

जुन्या जीवनाची घडी मोडली ती एका दिवसात नव्हे आणि एका कारणाने नव्हे. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि त्याने पारधी, कंजारभाट, टकारी, कैकाडी अशा अनेक समाजांचे फिरणे हजेरीच्या आणि पासाच्या ताब्यात दिले. सोलापूरची सेटलमेंट आणि तिच्याभोवतीचे तीन तारांचे कुंपण आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. म्हणजे आज पंचाहत्तरीच्या पुढे असलेल्या विमुक्त म्हाताऱ्याचा जन्म ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदलेल्या आईबापांच्या पोटी झाला असण्याचा संभव आहे, आणि बालपणी मनात बसलेला खाकी पोशाखाचा धाक त्याला सरकारी कचेरीची पायरी चढू देत नाही. निवृत्तिवेतनाचा अर्ज का केला नाही असे अशा माणसाला विचारण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढे १९५९ साली मुंबईचा भिक्षाप्रतिबंधक कायदा आला. त्याच्या व्याख्येत गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून सार्वजनिक ठिकाणी दान घेणे हेही भीक मागणेच ठरले, आणि ज्यांचे पूर्वज देवीचे उपासक किंवा गावाचे करमणूककार म्हणून मानाने येत होते ते एका ओळीने अपराधी झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याचा साप आणि दरवेशाचे अस्वल काढून घेतले. प्राण्यांच्या बाजूने पाहता हे योग्यच होते, परंतु पन्नाशीच्या दरवेशाने अस्वल दिल्यानंतर काय करावे याची तजवीज कायद्यात नव्हती. यंत्राने उरलेले काम पुरे केले. मिक्सर आला आणि पाट्याला टाकी लावायची गरज उरली नाही, प्लास्टिकच्या पाट्यांनी कैकाड्याची टोपली हटविली, ट्रॅक्टरने घिसाड्याचा फाळ, आणि घोंगडीची मागणी घटल्याने लोकरीचा भाव कातरणीची मजुरीही निघू नये इतका खाली गेला. उरला होता तो गावाचा विश्वास. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ज्या वेषाने शतकानुशतके दारे उघडली जात होती तोच वेष मृत्यूला कारण झाला. त्यानंतर भिक्षेला निघणाऱ्या वृद्धाच्या मनात काय चालत असेल याची कल्पना करता येते.

येथवरचा इतिहास अनेकांनी सांगितला आहे, आणि त्याचा निष्कर्ष बहुधा असा काढला जातो की भटके आता स्थिर होत चालले आहेत. माझे मत निराळे आहे. भटकंती थांबलेली नाही. तिची जात बदलली आहे, आणि या बदलात म्हाताऱ्याचे स्थान तेवढे नाहीसे झाले आहे. जुने बिऱ्हाड निघे ते म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, कोंबड्याकुत्र्यांसह, सबंध निघे. वीटभट्टीचा, रस्त्याच्या खडीचा, शहरातल्या बांधकामाचा आणि सर्वांत अधिक म्हणजे उसाच्या तोडीचा मुकादम मात्र माणूस उचलतो तो निवडून. बीड, जालना, परभणी या बाजूंचे बंजारे, वंजारी आणि इतर कष्टकरी दसरा-दिवाळीला निघून पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. तेथे कामाचे माप ‘कोयता’ हे आहे, म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते ती कोयत्यावर. ज्याच्या हातात कोयता चालत नाही त्याला गाडीत जागा नाही आणि कोपीत अन्न नाही. म्हणून पाच-सहा महिने तांड्यावर राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. सत्तरीच्या आजीने पहाटे उठून पाणी आणायचे, नातवंडांच्या भाकरी करायच्या, शेजारच्या तापलेल्या लेकराला दवाखान्यात न्यायचे, आणि स्वतः आजारी पडली तर मुलाला कळवायचे नाही, कारण तो आला तर मुकादमाची उचल अंगावर बसते. जुन्या वाड्यातला म्हातारा तळ राखी, पण सूर्य मावळला की कळप आणि माणसे परत येत. आताच्या तांड्यातला म्हातारा दिवाळीपासून चैत्रापर्यंत एकटाच तळ राखतो.

धनगरांत हेच घडत आहे, फक्त निमित्त अधिक चांगले आहे. मुलांनी शिकावे ही इच्छा आता जवळजवळ प्रत्येक वाड्यात आहे, आणि फिरत्या कळपामागे शाळा नेता येत नाही म्हणून मुलांना गावी आजीआजोबांपाशी ठेवले जाते. त्यात दोघांचाही काही लाभ आहे हे मी नाकारीत नाही. म्हाताऱ्यांना डोक्यावर छप्पर मिळाले, मुलांना पाटी-पुस्तक मिळाले. पण वाट जाणणारा माणूस वाटेपासून तोडला गेला. वाड्याला आता चारणीसाठी वनखात्याचा रखवालदार, द्राक्षबागायतदार आणि महामार्गावरची वाहने यांच्याशी गाठ घालावी लागते, आणि त्यात जुन्या माणसाचे ज्ञान कमीच उपयोगी पडते. जे उपयोगी पडले असते ते सांगायला तो जवळ नाही. ओवी ऐकायला रात्रीचा वाडा नाही. नातू शाळेतून येतो, त्याच्या हातात दूरध्वनी आहे, आणि आजोबांची बैठक ज्या श्रोत्यांसाठी होती ते घाटाखाली आहेत. मंगोलियाच्या गवताळ मुलुखातही हाच क्रम चालू आहे. तेथे मेंढपाळ कुटुंबातले वृद्ध शाळकरी नातवंडांसह तालुक्याच्या ठाण्यात येऊन राहतात आणि तरुण माणसे कळपाबरोबर गवताळ रानात. २००९-१० च्या भीषण हिवाळ्यात लक्षावधी जनावरे मेल्यावर तर सबंध कुटुंबेच उलानबातरच्या कडेला तंबू ठोकून बसली. त्यांच्या आणि आपल्या व्यवस्थेत एक भेद मात्र आहे: तेथील म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन हा पुष्कळदा घरातला सर्वांत निश्चित पैसा असतो, आणि त्यामुळे घरात त्याचे वजन टिकते.

स्त्रियांचे वार्धक्य या सर्वांहून वेगळे सांगावे लागते. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथनाने फडावर नाचणाऱ्या स्त्रीचे आयुष्य मराठी वाचकापुढे उघडे केले. जिचे नृत्य साऱ्या घराला, भावांना आणि बापाला पोसत होते, तिचा उपयोग वयाच्या चाळिशीच्या आत सरतो, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तिने कशावर काढायची याचे उत्तर ना त्या घरापाशी असते ना ज्यांनी तिच्यावर पैसे उधळले त्यांच्यापाशी. डोंबारी स्त्रीचे शरीर तर दोरावरच्या कसरतींनी अकालीच झिजलेले असते. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या रस्त्यावर पंचाऐंशीच्या घरातली एक आजी दोन्ही हातांत लाठ्या फिरवून पैसे मिळवीत असल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि तिच्यावर कौतुकाचा व मदतीचा वर्षाव झाला. ते कौतुक खरे होते. परंतु नातवंडांना पोसण्यासाठी त्या वयात लाठी फिरवावी लागते, हे त्या चित्रणातले मुख्य वाक्य होते, आणि ते फार थोड्यांनी वाचले. बंजारा तांड्यांत आरशांची कांचोळी आणि कोपरापर्यंतच्या चुड्या आज म्हाताऱ्या बायकांच्याच अंगावर दिसतात. सुनांनी साडी स्वीकारली. यात शोक करण्यासारखे काही नाही, वेष ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावा. पण बाजारात, एसटीत, दवाखान्यात त्या वेषामुळे ज्या नजरा झेलाव्या लागतात त्या या वृद्ध बायकांच्याच वाट्याला आल्या आहेत.

आता सरकार काय देते ते पाहू. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांवरील निराधारांसाठी आहे, आणि तिची रक्कम आता दरमहा १५०० रुपये आहे. अर्जदार किमान १५ वर्षे राज्याचा रहिवासी असावा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, वयाचा दाखला असावा, आणि मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला हजर करावा, अशा तिच्या अटी आहेत. स्थायिक माणसाच्या दृष्टीने या अटींत गैर काहीच नाही. परंतु ज्याने पंधरा वर्षांत पंधरा तालुके पाहिले त्याला रहिवासाचा दाखला कोणत्या तलाठ्याने द्यावा? ज्याचा जन्म पालात झाला आणि ज्याने शाळा पाहिली नाही त्याच्या वयाची नोंद आधारपत्र काढताना अंदाजाने केलेली असते. त्या अंदाजात पाच वर्षे कमी लिहिली गेली तर पाच वर्षांचे निवृत्तिवेतन बुडते. दगड फोडून बोटांच्या रेषा झिजलेल्या वडाराचा ठसा यंत्र ओळखत नाही. आईबापांच्या पोषणाचा २००७ चा केंद्रीय कायदा मुलाकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी देववितो, पण ज्याचा मुलगाच उचलीच्या कर्जात आहे त्याने कोणावर दावा लावावा?

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला, आणि देशातल्या या लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक असावी असा अंदाज केला. भटक्यांपैकी ९८ टक्के आणि विमुक्तांपैकी ८९ टक्के लोक भूमिहीन आहेत, ही त्यातली नोंद पुढे सर्वत्र उद्धृत झाली. नंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला, त्याच्या शिफारशींवरून २०१९ साली केंद्रीय कल्याण मंडळ स्थापन झाले, आणि २०२२ साली पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची योजना निघाली. स्पर्धापरीक्षांचे शिकवणीवर्ग, आरोग्यविमा, उपजीविका आणि घरबांधणी अशी तिची चार अंगे आहेत. चारही आवश्यक आहेत. त्यांत वृद्धाचा वाटा विम्यापुरता, म्हणजे तो आजारी पडून रुग्णालयात दाखल होईपर्यंत त्याची आठवण होण्याचे कारण नाही. कलावंतांच्या मानधनाची राज्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे आणि गोंधळी, वासुदेव, शाहीर यांना तिचा लाभ मिळू शकतो, मिळालाही आहे. पण आयुष्यभर कला सादर केल्याचे पुरावे जोडायचे असतात, आणि ज्याने चाळीस वर्षे लोकांच्या अंगणात गोंधळ घातला त्याला कोणत्याही यजमानाने प्रमाणपत्र लिहून दिलेले नसते.

या कोंडीतून वाट नाही असे मात्र नाही, आणि ती वाट आपल्याच कायद्यांत अगोदरच पडलेली आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्याने भटक्या पशुपालकांचे हंगामी चराईचे हक्क मान्य केले, आणि त्याखालच्या २००८ च्या नियमांनी दाव्याच्या पुराव्यांत अर्जदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे लेखी नोंदविलेले निवेदन ग्राह्य धरले. विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि तो नसेल तर गृहचौकशी करून, जुन्या माणसांना विचारून दाखला देण्याची सोय महाराष्ट्रात आहे. म्हणजे नातवाला महाविद्यालयात प्रवेश मिळावा यासाठी ज्या आजोबांचा शब्द पुरावा ठरतो, त्यांचाच शब्द स्वतःच्या वयाविषयी आणि वास्तव्याविषयी ग्राह्य धरायला कोणते तात्त्विक संकट आड येते, हे मला समजत नाही. समाजातल्या दोन-तीन वृद्धांचे आणि ज्या गावांत त्यांचा मोसमी मुक्काम असे तेथील दोन रहिवाशांचे जबाब घेऊन तहसीलदाराने वय व वास्तव्य ठरवावे, आणि हयातीची नोंद राज्यातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीत करता यावी, एवढा बदल झाला तर हजारो अर्ज मार्गी लागतील. त्याच जबाबांत त्या माणसाच्या जुन्या वाटा, मुक्काम, मेळे आणि देव यांचीही नोंद झाली, तर जे ज्ञान आज प्रत्येक हिवाळ्यात एकेका माणसाबरोबर पुरले जात आहे त्याचे एक दफ्तर आपोआप तयार होईल. दफनभूमीचा प्रश्न तर जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारात सुटण्याजोगा आहे; गायरानातली काही गुंठे जागा या कामासाठी राखून तिची नोंद करणे याला नवा कायदा लागत नाही.

आणि उसाच्या तोडीमागे राहिलेल्यांसाठी निराळे काही उभारण्याचीही गरज नाही. ऊसतोड जिल्ह्यांत मजुरांच्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. मुले गावातच राहतात आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था शासनाच्या खर्चाने होते. योजना चांगली आहे आणि ती अधिक नीट चालली पाहिजे. चूल पेटलेली आहे, शिधा येतो आहे, स्वयंपाकीण तांड्यातलीच आहे. त्या मुलांना रात्री आपल्या पालवाखाली घेऊन निजणारी आजी मात्र त्या पंगतीत धरलेली नाही, तिच्या नावाचा शिधा मंजूर नाही. यंदाचे कोयते गाडीत चढण्यापूर्वी तिचे नाव त्या यादीत घालता येईल.